उडी जमिनीवरच ठरते

ग्वाल्हेर शहरात फूलबागेच्या परिसरात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८५८ च्या जून महिन्यात कोटा-की-सराय येथे इंग्रजांच्या घोडदळाशी झालेल्या चकमकीत राणी पडल्या, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. लोकपरंपरा त्यात एका गोष्टीची भर घालते. शत्रू पाठीवर असताना वाटेत एक ओढा आडवा आला. राणींचा नेहमीचा घोडा त्या वेळी नव्हता. नवा घोडा काठाशी येऊन अडला आणि तो क्षण घातक ठरला. हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांच्या प्रसिद्ध कवितेतही हा अडलेला नवा घोडा आहे. ह्याच राणींविषयी दुसरी कथा झाशीची. त्याच वर्षीच्या एप्रिलात दत्तक पुत्राला पाठीशी बांधून त्यांनी घोड्यासह किल्ल्यावरून उडी घेतली, असे तेथील लोक सांगतात व ती जागाही दाखवितात.

दोन्ही कथांचा तपशील इतिहासकारांना जसाच्या तसा मान्य नाही. परंतु त्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक प्रश्न मनात उभा राहतो. स्वार तीच, धैर्य तेच, घोड्यांची पारखही तीच. मग एक उडी साधली आणि दुसरी का साधली नाही?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. ग्वाल्हेरमध्येच १९५७ साली, सत्तावन्नच्या उठावाच्या शताब्दी वर्षात, राणींच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. उडी कशी शिकावी व कशी शिकवावी हा अशा संस्थेत अभ्यासाचा विषय असतो. आणि त्याच शहरात, लष्कर किंवा मुरार भागातील एखाद्या घरात, दिवेलागणीच्या वेळी शाळकरी मुलगा पडद्याकडे डोळे लावून बसलेला असतो. त्याच्या पडद्यावरील योद्धा एका उंच मनोऱ्याच्या कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर उडी मारतो, अर्ध्या बोटाने चुकतो आणि खाली कोसळतो. मुलगा पुन्हा पायथ्यापासून चढू लागतो. विसाव्या वेळी तो कोसळला की हातातले यंत्र गादीवर आपटतो आणि म्हणतो, “हा खेळच वाईट आहे!”

ओढ्याकाठचा घोडा, मैदानावरील खेळाडू आणि पडद्यावरील योद्धा ह्या तिघांची तुलना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु उडी चुकते कोठे, ह्याचा शोध घेऊ लागले की तिघांचे उत्तर बरेचसे एकच येते.

प्रथम पडद्यावरील उडीची ओळख करून घेऊ. ज्या ऑनलाइन खेळांत खेळणारा एखादे पात्र धारण करतो, त्या पात्राच्या रूपाने एका काल्पनिक जगात वावरतो आणि त्याच जगात देशोदेशींचे सहस्रावधी खेळाडू एकाच वेळी वावरत असतात, अशा खेळांना भूमिका-खेळ म्हणता येईल. ह्या खेळांचा मुख्य भाग म्हणजे लढाया, मोहिमा व संपत्तीचा संचय. त्यात मधूनमधून उड्यांची कोडी पेरलेली असतात. उंच कडा, मोडके पूल, तरंगते दगड ह्यांवरून क्रमाने उड्या मारीत शिखर गाठावयाचे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गिल्ड वॉर्स २’ ह्या खेळात तर अशी अनेक कोडी मुद्दाम रचलेली असून शेवटी रत्नपेटीचे बक्षीस असते. उडी मारणारा नायक त्याहून जुना आहे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ ह्या जपानी खेळातील नायकाला आरंभी ‘जंपमॅन’, म्हणजे उड्या मारणारा, असेच नाव होते. पुढे तोच ‘मारिओ’ म्हणून जगभर गाजला.

भूमिका-खेळात ही कोडी विशेष बोचतात, ह्याला कारण आहे. इतरत्र ह्या खेळांत काळ घालविला की सामर्थ्य वाढते. तलवार अधिक धारदार होते, चिलखत जाड होते, आणि काल अजिंक्य वाटलेला राक्षस आज सहज मरतो. उड्यांच्या कोड्यापाशी हा संचय बहुधा उपयोगी पडत नाही. तीन वर्षे खेळलेला व तीन दिवस खेळलेला, दोघेही एकाच कठड्यावरून सारखेच कोसळतात. येथे पात्राचे कौशल्य वाढत नाही. खेळणाऱ्यालाच आपले कौशल्य वाढवावे लागते. म्हणूनच पडद्यावरील ही उडी शिक्षणाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

आता मैदानावर येऊ. लांब उडी पाहणाऱ्याचे लक्ष सामान्यतः हवेतील झेपेकडे असते. वस्तुतः पाय जमिनीवरून सुटला की उडीचा निकाल जवळजवळ लागलेला असतो. शरीराचा गुरुत्वमध्य हवेत कोणत्या मार्गाने जाईल हे सुटतानाचा वेग, कोन व उंची ह्या तीन गोष्टी ठरवितात. हवेत खेळाडू पाय सायकलसारखे फिरवितो ते अंतर वाढविण्यासाठी नव्हे. शरीर पुढे कोलमडू नये व पाय नीट पुढे टाकता यावेत एवढ्यासाठीच. अमेरिकेच्या माइक पॉवेल याने १९९१ साली टोकिओ येथे ८.९५ मीटरची उडी मारली. तो विश्वविक्रम अद्याप अबाधित आहे. त्या उडीमागेही दीर्घ धाव होती. अव्वल दर्जाचे खेळाडू सुमारे चाळीस मीटर धावत येतात, आणि ज्या फळीवरून उडी घ्यावयाची ती रुंदीला अवघी २० सेंटिमीटर असते. भरधाव येऊन त्या वीतभर फळीवर नेमका पाय पडला पाहिजे. फळीच्या पुढे पडला तर उडी बाद. फार मागे पडला तर मिळालेले अंतर वाया.

हे साधते कसे? पूर्वी अशी समजूत होती की, खेळाडू मोजून ठेवलेली पावले यंत्रासारखी टाकतो. १९८२ साली एडिंबरो विद्यापीठाचे डेव्हिड ली व त्यांचे सहकारी यांनी लांब उडीच्या धावेचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा निराळेच चित्र दिसले. धावेच्या बहुतेक भागात खेळाडू ठरलेली पावले टाकण्याचा प्रयत्न करतो, पण प्रत्येक पावलागणिक किंचित फरक साठत जातो. शेवटची काही पावले उरली असता त्याची नजर फळीवरून अंतर जोखते, आणि तो नकळत पाऊल थोडे लांबवितो अथवा आखडतो. साठलेली चूक तेथे पुसली जाते. अर्थात सराव हवाच आणि नजरही हवी. सराव खेळाडूला फळीच्या जवळ आणून सोडतो व अखेरचा हिशेब डोळा चुकता करतो.

पडद्यावरील खेळाडूला ह्यातून पहिला धडा मिळतो. तो कोसळतो हवेत, पण चुकलेला असतो कठड्यावर. त्याने तीन गोष्टी तपासाव्यात. पात्र उडी घेताना कठड्याच्या अगदी टोकाशी होते की दोन पावले मागे? ते सरळ लक्ष्याच्या दिशेने धावत होते की तिरपे? आणि पाहणाऱ्याची नजर कोठून होती? ह्या खेळांत पात्राच्या पाठीमागून पाहणारा एक काल्पनिक कॅमेरा असतो व तो खेळाडूला फिरविता येतो. पुष्कळ उड्या केवळ तो वाईट जागी असल्यामुळे चुकतात. समोरच्या दगडाचे अंतर खालून पाहिले तर कमी वाटते. कॅमेरा किंचित वर व मागे नेऊन दोन्ही काठ एकाच वेळी दिसतील असे केले म्हणजे तोच दगड आपले खरे अंतर सांगू लागतो. उडीपूर्वी दोन क्षण थांबून अशी नजर टाकणे ह्यात भित्रेपणा नाही. तो मैदानावरच्या खेळाडूने धाव मोजून केलेल्या खुणेसारखाच भाग होय.

दुसरा धडा भेदाचा आहे. मैदानावर सर्वांना सृष्टीचे एकच नियम लागू असतात. पडद्यावरील प्रत्येक जगाचे नियम त्याच्या कर्त्याने घडविलेले असतात. काही खेळांत हवेत असतानाही पात्राची दिशा वळविता येते, काहींत येत नाही. काहींत कळ अधिक वेळ दाबून ठेवली तर उडी उंच जाते, काहींत प्रत्येक उडी सारखीच. काही कर्ते तर खेळणाऱ्यावर थोडी दया करतात: पाय कठड्यावरून सुटल्यानंतरही निमिषमात्र उडीची कळ स्वीकारली जाते. म्हणून नव्या खेळात कड्यावर चढण्यापूर्वी सपाट जमिनीवर दहा मिनिटे घालवावीत. उभ्याने उडी मारली तर पात्र किती दूर जाते, धावून मारली तर किती, हवेत वळते किंवा नाही, हे जमिनीवरच्या फरशा मोजून पाहावे. पोहायला उतरण्यापूर्वी विहिरीची खोली विचारावी, तसेच हे. बहुसंख्य मुले ही दहा मिनिटे वाचवितात व पुढचे दोन तास गमावतात.

तिसरी गोष्ट वेळेची. एखादी खूण डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास माणसाला साधारणतः सेकंदाचा चौथा किंवा पाचवा हिस्सा लागतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे बदलत असतील, तर तेवढ्या अवधीत बारा ते पंधरा चित्रे निघून जातात. कठडा संपला असे दिसल्यावर कळ दाबणारा खेळाडू म्हणूनच नेहमी उशिरा पोहोचतो. त्यात ऑनलाइन खेळाचा आणखी एक विलंब मिसळतो. बऱ्याच खेळांत आपल्या पात्राची हालचाल आपल्याच यंत्रावर लगेच दिसते, परंतु हलत्या पायऱ्या व इतर पात्रे यांची खबर दूरच्या मध्यवर्ती संगणकाकडून येते. जोडणी मंद असेल तर डोळ्यांना दिसणारी पायरी तिच्या खऱ्या जागेवरून केव्हाच सरकलेली असते. ह्यावर उपाय चपळाई नव्हे, ताल होय. तबलजी समेची वाट पाहून मग हात उचलीत नाही. मात्रा मोजीत तो समेवर येतोच. ज्या ग्वाल्हेरला गायनाच्या घराण्याची परंपरा आहे तेथे हे निराळे समजावून सांगावयास नको. हलती पायरी किती वेळाने परत येते हे दोन-तीनदा मोजावे आणि त्या तालावर निघावे.

घोड्याच्या बाबतीतही असेच काही घडते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्याला आजूबाजूचे पुष्कळ दिसते, परंतु नाकाच्या अगदी पुढचा थोडा भाग दिसत नाही. आडव्या अडथळ्याशी तो पोहोचला की शेवटच्या क्षणी तो अडथळा त्याच्या नजरेआड होतो. म्हणजे काही पावले आधी घेतलेला अंदाज आणि पाठीवरील स्वारावरचा विश्वास, ह्या दोहोंच्या आधारावर घोडा उडी घेतो. पाण्याशी तर घोडे अधिकच बिचकतात, कारण पाण्याची खोली वरून कळत नाही. स्वाराची ओळख नाही, ओढ्याची ओळख नाही, मागे गोळीबार चालू आहे, अशा स्थितीत नवा घोडा अडला असेल तर त्यात अद्भुत असे काहीच नाही. ती उडी त्या दिवशी काठावर चुकली नसून, त्या घोड्याला व त्या स्वाराला एकत्र सरावाची सवडच मिळाली नाही, तेथे ती चुकली.

सरावाचा विषय निघाला की शिक्षक व पालक बहुधा एकच शब्द उच्चारतात: चिकाटी. चिकाटी हवीच, परंतु तीच चूक शंभर वेळा करणे ही चिकाटी नव्हे. पडल्यानंतर आपण का पडलो ह्याचे एका वाक्यात उत्तर देता आले तरच ते पडणे सार्थकी लागले. ‘लवकर उडालो’, ‘तिरपा धावलो’, ‘कॅमेरा भिंतीत अडकला’, अशी ही उत्तरे असतात. उत्तर सापडत नसेल तर पुन्हा पायथ्यापासून चढण्यापेक्षा तेवढ्याच अंतराची जागा सपाटीवर शोधून ती एक उडी घोटावी. ती साधली की मग आधीची व नंतरची उडी तिला जोडावी.

मात्र एकच उडी घोटीत बसण्यालाही मर्यादा आहे. १९७९ साली शे व मॉर्गन ह्या संशोधकांनी एक प्रयोग केला. हातात टेनिसचा चेंडू धरून लाकडी फळकुटे ठराविक क्रमाने भराभर पाडावयाची, असे काम त्यांनी लोकांना दिले. काहींनी एक क्रम पुरता पक्का करून मग दुसरा घेतला. काहींनी निरनिराळे क्रम सरमिसळ करून केले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची प्रगती अधिक दिसली. काही दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळ करणाऱ्यांच्याच लक्षात अधिक राहिले होते. यास्तव एक उडी हाताला बसू लागली की लांब, आखूड, वळणाची अशा निरनिराळ्या उड्या आलटूनपालटून माराव्यात. आणि हात थकला, चीड आली, की उठावे. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, असे आता अनेक प्रयोगांवरून दिसून आले आहे. रात्री अकरा वाजता अशक्य वाटलेली उडी सकाळी दुसऱ्याच प्रयत्नात साधते, त्यात चमत्कार नाही. रात्रभर जागून खेळणारा मुलगा अभ्यास तर बुडवितोच, पण खेळही बिघडवितो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. उडी शिकावयाची तर पडणे परवडले पाहिजे. उंच उडीच्या इतिहासात ह्याचे उत्तम उदाहरण आहे. एके काळी उंच उडी मारणारा वाळूत किंवा लाकडाच्या भुशात उतरत असे. साहजिकच तो पायांवर उतरण्याचीच काळजी घेई. पुढे मऊ फोमच्या गाद्या आल्या, आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी ह्या अमेरिकन तरुणाने पाठ खाली करून आडव्या दांडीवरून जात २.२४ मीटरवर सुवर्णपदक मिळविले. आज जगातील जवळजवळ सर्व खेळाडू त्याच्याच पद्धतीने उडी मारतात. वाळूच्या खड्ड्यात ही पद्धत कोणी करू धजला असता तर त्याची मान शाबूत राहती ना. गादी मऊ झाली म्हणून उडी धीट झाली.

महाराष्ट्रातील उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या सर्वेश कुशारे याला आरंभीच्या काळात परदेशी बनावटीच्या गाद्या कोठून मिळणार? मक्याचा भुसा वगैरे भरून तयार केलेल्या गादीवर त्याने उंच उडीचे धडे गिरविले. २०२५ च्या सप्टेंबरात टोकिओ येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला, आणि २.२८ मीटरची उडी मारून सहावा आला. भुशाच्या गादीने त्याला उंच उडविले नाही, हे खरे; पण तिने त्याला पुन्हा पुन्हा पडू दिले.

पडद्यावरील खेळाचे मोल असेल तर ते ह्याच ठिकाणी आहे. तेथे पडणे अगदी स्वस्त आहे. हाड मोडत नाही, गुडघा फुटत नाही, कोणी हसत नाही. एका संध्याकाळी शंभर वेळा पडून शंभर वेळा विचार करता येतो. ही सवलत चिडण्यात घालविली तर खेळ म्हणजे निव्वळ कालहरण. विचारात घालविली तर चुकीकडे शांतपणे पाहण्याची एक शाळा. परंतु त्या शाळेची मर्यादाही मुलांना सांगितली पाहिजे. बोटाने शिकलेली उडी पायांना येत नाही. पडद्यावर कड्यांवरून लीलया झेपावणाऱ्या मुलाने त्याच विश्वासाने गच्चीच्या कठड्यावर किंवा कालव्याच्या काठावर पाय रोवला, तर तेथे दुसरा प्रयत्न नसतो. स्नायू, सांधे व तोल यांना त्यांचा स्वतंत्र सराव लागतो, आणि तो वाळूच्या खड्ड्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच झाला पाहिजे.

वडील मंडळींनाही येथे एक काम आहे. मुलगा खेळतो म्हणून रागावणे सोपे, आणि दुर्लक्ष करणे त्याहूनही सोपे. त्याऐवजी त्याच्या शेजारी बसून एकदा विचारावे, “पाय कोठून सुटला?” प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर देण्यासाठी मुलाला पडण्याच्या क्षणाकडून उडण्याच्या क्षणाकडे परत जावे लागते. गणितात चुकलेल्या विद्यार्थ्याला उत्तर पुसावयास न लावता चूक कोणत्या पायरीवर झाली हे शोधावयास लावणारा शिक्षक हेच करीत असतो.

फूलबागेतील समाधीपाशी उभे राहिले की मनात प्रथम येते ते राणींचे शौर्य, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या ओढ्याकाठी उणीव शौर्याची नव्हती. शौर्य पुरेपूर होते. ओळखीचा घोडा नव्हता, वेळ नव्हता, एकदा अडखळून पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा नव्हती. आजच्या मुलांच्या हाती ह्या तिन्ही गोष्टी आहेत. त्यांनी कठड्यावर क्षणभर थांबावे, अंतर पाहावे, पाऊल मोजावे, आणि मगच उडी घ्यावी.